परक्या घराची भिंत

पहिलं गाव आम्ही नाकारलं, कारण तिथल्या घरांना बाहेरून फरश्या लावलेल्या होत्या. दुसऱ्या गावातल्या लोकांना रंगाची हौस होती आणि ती ते स्वतःच भागवत होते. सुट्टीच्या दिवशी बघावं तर जो तो डोक्याला रुमाल बांधून आपल्याच कुंपणाला रंग फासतोय. अशा ठिकाणी रंगाऱ्यांच्या कुटुंबाने जाऊन काय करायचं? तिसऱ्या गावात उतरलो आणि बसथांब्याच्या भिंतीचे पोपडे बघून माझ्या धाकट्या मुलाने हुश्श केलं.

"अप्पा, हे गाव आपलं," तो मला म्हणाला. "काय वाईट अवस्था आहे बघा. कुठेही हात लावा, सुटून येतंय."

लोक राहायला गाव निवडताना पाणी बघतात, दवाखाना बघतात, शेजार बघतात. आम्ही भिंती बघतो. नातीला शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आमच्या घराण्यातून कॉलेजच्या आत जाणारी ती पहिली. म्हणजे तशी आम्ही सगळीच जाऊन आलो होतो, पण शिड्या घेऊन. शहरात घर घेऊन राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं, म्हणून सगळं बिऱ्हाड उचलून शहराजवळच्या एखाद्या छोट्या गावात न्यायचं ठरलं. तिने बसने कॉलेजला जायचं, संध्याकाळी घरी यायचं, आम्ही त्या गावात कामं धरायची.

"माझी मुलगी एकटी राहणार नाही," थोरला मुलगा म्हणत असे. मी म्हणत असे, "पोर एकटी कशी राहील?" धाकटा म्हणे, "एकटीला करमणार नाही तिला." हे आम्ही इतक्या वेळा म्हटलं होतं की आम्हाला ते खरं वाटायला लागलं होतं.

आता खरं काय होतं ते सांगतो. आमच्या बारकीला, म्हणजे याच नातीला, रंग जुळवता येतो. जुनी भिंत असते, ऊन लागून विटलेली. तिचा एखादा तुकडा ओलीने खराब होतो. तेवढाच तुकडा रंगवायचा आणि नवा-जुना सांधा दिसू द्यायचा नाही, हे फार कठीण काम आहे. डब्यातला रंग तिथे चालत नाही. बारकी बादलीत बघते, भिंतीकडे बघते, काडीच्या टोकावर जरासा काळा घेते, थोडा पिवळा घेते, ढवळते आणि म्हणते, लावा. शाळेत होती तेव्हापासून. मी जन्मभर रंग लावला, पण मला चार रंग कळतात, पाचवा आला की मी चष्मा पुसतो. डब्यांवरची नावं मी उतारवयात वाचायला शिकलो, तेव्हा समजलं की ज्याला मी आयुष्यभर पिवळा म्हणत आलो त्याला कंपनी 'पहाटेची साय' म्हणते. थोरल्याचं माझ्याहून वेगळं नाही. धाकट्याला तर निळा आणि हिरवा यांत भांडण लावून दिलं तर सोडवता येत नाही. आमची निम्मी कामं बारकीच्या डोळ्यांवर चालत होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मुलीची काळजी म्हटलं की कसं बरं दिसतं.

त्या तिसऱ्या गावाला जाताना सकाळी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती.

"आजोबा, एक सांगू? तुम्ही बाबांना सांगाल?"

"सांग की."

"मला होस्टेलला राहायचंय. जागा मिळालीय. आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे, नाहीतर दुसऱ्या मुलीला देणार."

"मग तू सांग ना बाबाला."

"मी सांगितलं की ते म्हणतात, तुझ्यासाठी सगळं घर हलतंय आणि तू अशी. मग मला काही बोलता येत नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"सांगतो," मी म्हणालो. अगदी खांद्यावर हात ठेवून म्हणालो. आणि उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. आमच्या घरात मला मोठा मान आहे, कारण शेवटी जो बोलतो त्याच्या बाजूने मी असतो.

*

घर बघायला आम्ही सगळे मिळून जातो, ही आमच्याकडची जुनी पद्धत. एकट्याने पसंत केलेलं घर गळायला लागलं तर जन्मभर बोलणी त्या एकट्याला. सगळ्यांनी बघितलं की कोणी कोणाला बोलू शकत नाही.

भाड्याचं घर एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणत होतं, आम्हीही म्हणायला लागलो. खालच्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, वर त्या स्वतः. त्यांनी दारं उघडून दिली आणि घड्याळाकडे बघितलं.

"समोरच्या काकांना इंजेक्शन द्यायचंय. तुम्ही बघा निवांत. संध्याकाळी आणखी एक जोडपं येणार आहे बघायला, तेव्हा काय ते मोकळेपणाने सांगा. मला लपवाछपवी आवडत नाही." आणि त्या गेल्या.

बसमधून उतरताना थोरला एकटाच या बेताच्या बाजूने होता. थोरली, म्हणजे त्याची बायको, विरोधात होती. आमच्याकडे दारं-खिडक्यांचं पॉलिश ती करते, आणि आमच्या जुन्या गावात तिला नावाने बोलावणारी माणसं आहेत. धाकटाही विरोधात होता. त्याचं कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करत बसत असे. तो आपले धड शर्ट उसवून तिच्याकडे दुरुस्तीला नेत असे. पण बसथांब्याचे पोपडे बघितल्यापासून धाकटा बदलला होता.

"दादा, मी काय म्हणतो, घेऊनच टाकू. येताना मी बघत होतो, सबंध रस्त्यावर एक भिंत धड नाही."

थोरलीने त्याच्याकडे बघितलं. "आणि भावजी, शर्ट इथे कुठे शिवणार?"

"माझे शर्ट चांगले आहेत, वहिनी."

"तेच तर म्हणते. होते चांगले."

धाकटा दुसऱ्या खोलीत गेला. थोरली स्वयंपाकघरात शिरली ती नाक मुरडायच्या तयारीने. तिथे ओट्यासमोर रुंद खिडकी होती. खिडकीतून बाहेर एक मोकळी जागा, तिच्यात दोन झाडं, कोणाचे तरी वाळत घातलेले कपडे. लग्न होऊन आल्यापासून थोरलीने भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला आहे. ती भिंत आम्ही दर दोन वर्षांनी तिला विचारून रंगवतो आणि ते फार मोठं काम केलं असं समजतो. ती त्या खिडकीशी उभी राहिली. दोन्ही हात ओट्यावर ठेवले. पुढे तिने मला सांगितलं, त्या क्षणी तिने मनातल्या मनात भांडी लावूनसुद्धा टाकली होती.

"घर तसं वाईट नाही," ती बाहेर येऊन म्हणाली.

तोवर थोरला बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीपाशी उकिडवा बसला होता. खालच्या कोपऱ्यात रंग फुगला होता.

"ओल आहे," तो म्हणाला. "आतून येतेय. मला हे घर नको."

"अहो, तुम्हीच तर आणलंत आम्हाला इथे."

"तेव्हा ओल माहीत नव्हती."

"कालपर्यंत तुम्ही म्हणत होता, मुलीसाठी झोपडीतसुद्धा राहीन."

"झोपडीला ओल नसते. बघ इथे." आणि त्याने मागच्या खिशातली खरवडायची पट्टी काढून फुगलेल्या जागी टेकवली. पोपडा अलगद सुटून खाली पडला. आता यात वाईट काही नव्हतं. डॉक्टर नाडी बघतो तसं आम्ही भिंत थोडी खरवडून बघतो.

"वरवरची आहे," धाकटा म्हणाला. त्याने आपली पट्टी काढली आणि शेजारची जागा खरवडली. "बघ, आत गिलावा कोरडा आहे."

"कोरडा? हात लाव."

"लावला. कोरडा आहे."

"मग इथे बघ." थोरल्याने आणखी वर खरवडलं.

थोरली मध्ये आली. "दोघं गप्प बसा. ओल असेल तर बुजवता येते. खिडकी कुठून आणाल तुम्ही?" बोलता बोलता तिने पर्समधून पॉलिश पेपर काढला आणि धाकट्याने खडबडीत केलेली कड घासू लागली, कारण तशी कड तिला बघवत नाही.

मी भिंतीच्या मधल्या भागात खरवडत होतो. मला तिथे जुन्या रंगाखाली हिरवा दिसला, हिरव्याखाली गुलाबी. एवढ्या वर्षांत आमच्या घरी कधी इतकं चांगलं भांडण झालं नव्हतं, आणि हात रिकामे ठेवून भांडायची आम्हाला सवय नाही. थोरला म्हणाला, हे गाव नको, अजून दोन गावं बघू. धाकटा म्हणाला, तू दर गावात खोट काढशील आणि पोरीचं कॉलेज संपेल. थोरली म्हणाली, मला कोणी विचारलंय का कधी काही. मी म्हणालो, तिचंही बरोबर आहे. मग म्हणालो, तसं थोरल्याचंही बरोबर आहे. प्रत्येक वाक्याला भिंतीचा एकेक तुकडा खाली येत होता.

बारकी खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. मला तिची नजर पाठीला कळत होती, म्हणून मी आणखी जोरात खरवडत होतो.

"आजोबा," ती म्हणाली.

"हो गं, बघतो," मी म्हणालो आणि गुलाबीखालचा पांढरा काढला.

दारात चप्पल वाजली. सिस्टर परत आल्या होत्या. आम्ही वळलो. जमिनीवर घोट्यापर्यंत पोपडे होते, थोरलीच्या केसांवर पांढरं पीठ, आणि समोरची सबंध भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उघडी पडलेली होती. घर अजून आम्ही घेतलेलं नव्हतं.

सिस्टरनी भिंतीवरून हात फिरवला.

"तिची तब्येत बरी नव्हती, हे मला ठाऊक होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण मी तुम्हाला फक्त बघायला सांगितलं होतं. ऑपरेशन करायला नाही."

थोरल्याने पट्टी खिशात घालायचा प्रयत्न केला आणि ती खाली पडली.

"संध्याकाळी ते जोडपं येतंय. त्यांना मी हे दाखवू?"

"आम्ही करून देतो," थोरला म्हणाला. "होती तशी. बाकीच्या भिंतींच्या रंगाला जुळवून. कळणारसुद्धा नाही."

तो हे इतक्या विश्वासाने बोलला की सिस्टर मान हलवून वर गेल्या. आणि आम्ही सगळे, एका वेळी, बारकीकडे वळलो.

*

धाकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून रंग, ब्रश, रंगात मिसळायचे स्टेनर आणले आणि भेगा बुजवायला लवकर वाळणारी लांबी, म्हणजे पुट्टी. आम्ही ती पातळ ओढली, दारं-खिडक्या सताड उघडली, थोरलीने वाऱ्याला पुठ्ठ्याने मदत केली. दुसऱ्या कोणी असं घाईचं काम केलं असतं तर आम्ही पुढची कैक वर्षं त्याला हसलो असतो. मग रंगाची बादली मधोमध ठेवली, शेजारी स्टेनरच्या बाटल्या मांडल्या, ढवळायची काडी थोरल्याने मुलीपुढे धरली.

बाकीच्या तीन भिंती कधीकाळी आकाशी असाव्यात. आता त्या खूप वेळा धुतलेल्या शर्टासारख्या झाल्या होत्या.

"चल, बारके. बघ जरा."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"मी नाही जुळवणार. तुम्ही जुळवा."

थोरला हसला. त्याला ती रुसली आहे असं वाटलं. "अगं, दोन मिनिटांचं काम तुझं."

"मला माहितीय."

"मग?"

ती हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिली. बादलीकडे ती बघतसुद्धा नव्हती. तिने बघितलं असतं तर कोणता रंग किती घालायचा ते तिला कळलं असतं, आणि कळलं की तिला गप्प बसता येत नाही. हे ती लहानपणापासून स्वतःबद्दल जाणून आहे.

"असं काय करतेस," धाकटा कळवळून म्हणाला. "आम्हाला येत असतं तर तुला म्हटलं असतं का? अगं, तू त्या कॉलेजात जाऊन बसलीस तर आम्ही करायचं काय? म्हणून तर सगळं घर घेऊन तुझ्यामागे येतोय ना."

त्याला आपण काय बोललो ते कळलं नाही. तो बाटल्यांची बुचं उघडत होता. बाकी सगळ्यांना कळलं. थोरल्याच्या हातातली काडी तशीच राहिली. बारकीने मान वर केली आणि बापाकडे बघितलं, आणि थोरला भिंतीकडे बघायला लागला. आमच्या घरात अवघड वेळी सगळे भिंतीकडे बघतात. सोयीची वस्तू आहे.

मग मी बोललो. दुसऱ्या कोणी आधी बोलायची वाट बघण्यात आता अर्थ उरला नव्हता.

"तिला होस्टेलला राहायचंय. जागा मिळाली आहे. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. सकाळी बसमध्ये सांगितलं तिने मला."

थोरली सावकाश माझ्याकडे वळली. "सकाळी सांगितलं? मग अप्पा, सकाळपासून तुम्ही करत काय होता?"

"भिंत खरवडत होतो."

ती हसली नाही. मीही हसवायला बोललो नव्हतो. ती उठून खिडकीशी गेली, लेकीच्या शेजारी बसली. "आणि तू मला का नाही सांगितलंस?"

"तू आधीच नको म्हणत होतीस इथे यायला. मग तुला आवडली ती खिडकी."

थोरलीने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं. तिथून ओट्यावरचा उजेड दिसत होता. "खिडकीचं काय," ती म्हणाली. "खिडकी आपल्या घरालाही पाडता येईल. एवढे हात आहेत घरात भिंती फोडणारे."

थोरला बादलीपाशी खाली बसला. काळ्याची बाटली उघडून त्याने काडी बुडवली.

"अप्पा, किती टाकू?"

"टाक थोडा."

"थोडा म्हणजे?"

"ती टाकते तेवढा."

मग पुढे जे झालं ते बघायला धंद्यातलं कोणी नव्हतं हे आमचं नशीब. मी म्हणालो निळा वाढव. धाकटा म्हणाला आहे तोच जास्त झालाय, तो ज्याला निळा म्हणत होता तो हिरवा होता. थोरला पिवळा टाकून पस्तावला आणि तो मारायला पांढरा ओतत गेला, बादली काठापर्यंत भरली. थोरली पाठीमागून म्हणाली, आता पुरे, नाहीतर गाव रंगवायला लागेल. आम्ही पहिला हात मारला, मग दुसरा. ओला होता तोवर जुळल्यासारखा वाटला. ओला रंग नेहमीच आशा दाखवतो. वाळायला लागला तसा तो आपल्या वाटेने गेला.

शेवटी आम्ही मागे सरून बघितलं. तीन भिंती एका घरच्या आणि चौथी पाहुणी.

बारकीने आता बघितलं. न राहवून बघितलंच. तिचे ओठ हलले. थोरलीने तिच्या हातावर हात ठेवला.

"सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "आज सांगितलंस तर हे उद्याही विचारतील."

सिस्टर खाली आल्या. चष्मा वर करून त्यांनी भिंतीला न्याहाळलं, मग शेजारच्या भिंतीला.

"वेगळा आहे," त्या म्हणाल्या.

आजवर थोरल्याने कधी न जुळलेली भिंत कोणाच्या हवाली केलेली नाही. कोणी नुसती शंका घेतली तरी तो शिडी परत लावतो. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने हातातला ब्रश फडक्याला पुसला, पुन्हा पुसला.

"हो," तो म्हणाला. "वेगळा आहे. आम्हाला एवढाच येतो."

"मग घराचं काय ठरलं?"

"घर नको आम्हाला, सिस्टर. आम्ही आहोत तिथेच बरे आहोत. मुलगी शहरात होस्टेलला राहणार आहे." मग मुलीकडे न बघता म्हणाला, "फोन लाव तिथे. उशीर होईल."

ती बाहेर गेली. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं. "हो, येतेय," ती कोणाला तरी सांगत होती. "हो. एकटीच." धाकट्याने उगीचच बादलीचं झाकण जोरात दाबलं.

आम्ही पोपडे भरत होतो तोवर ते जोडपं आलं. दोघं नवीन लग्न झालेली असावीत, प्रत्येक दाराशी एकमेकांना आधी जा म्हणत होती. ती मुलगी बाहेरच्या खोलीत थबकली.

"ही भिंत मुद्दाम वेगळ्या रंगाची ठेवलीय का? किती छान वाटतंय."

लपवाछपवी न आवडणाऱ्या सिस्टरनी आमच्याकडे एकदा बघितलं. "कारागीर खास बाहेरगावचे आहेत," त्या म्हणाल्या. यात खोटं काहीच नव्हतं.

*

परतीच्या बसला गर्दी नव्हती. थोरली डोळे मिटून बसली होती. धाकटा शर्टाच्या बाहीची शिवण तपासत होता, कुठून उसवता येईल बघत असावा. बारकी बापाशेजारी बसली होती. मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो, झोपेचं सोंग घेऊन. या वयात ते कोणी तपासत नाही.

"बाबा," ती म्हणाली. "राखाडी कमी पडला. काळ्यात किंचित तांबडा घालायला हवा होता. मग बसला असता."

थोरला खिडकीबाहेर बघू लागला.

"दिसत होतं मला," तो म्हणाला. "मुद्दाम नाही घातला."

ती त्याच्याकडे वळून बघायला लागली. "खरंच?"

"मग काय. इतकी वर्षं करतोय."

तिने मान त्याच्या खांद्याला टेकवली आणि तिचे खांदे सैल पडले.

त्याला काहीएक दिसत नव्हतं. मी त्याचा बाप आहे, मला खात्री आहे. मलाही दिसत नव्हतं.